गोळेवाडीच्या नाक्यापर्यंत

माझं काम पाबे घाट उतरल्यावर सुरू होऊन गोळेवाडीच्या नाक्याला संपणार होतं. नाक्यापासून वर सिंहगडाचा चढ, तो आमच्या घाटवालीचा, म्हणजे टीममधल्या घाट चढणारीचा. सरांनी मोबाइलवरच्या नकाशावर बोट ठेवून सांगितलं, "इथपर्यंत तू, इथून ती. नाक्यावर ती पहिल्या पाचांत पाहिजे आणि पायांत दम शिल्लक पाहिजे. पुढे तू कितवी येतेस ते मी बघणार नाही. फक्त वेळेच्या मर्यादेत ये."

टप्प्यांच्या सायकल शर्यतीत मदतनीस म्हणून उतरायची तयारी मी गेला पावसाळा सरल्यावर सुरू केली. शर्यत छोटीच होती. काही क्लबांनी मिळून भरवलेली, तीन टप्प्यांची, महिलांच्या पाच-पाच जणींच्या टीम. पण नियम जमतील तितके मोठ्या शर्यतींचे लावले होते. इतकी वर्षं टीव्हीवर टूर द फ्रान्स बघताना जे नुसतं दिसत होतं, ते या तयारीत पहिल्यांदा अंगाला लागलं. ते लिहून ठेवावंसं वाटतं, कारण सायकल शर्यतीचा हा अर्धा भाग निकालाच्या कागदावर येतच नाही.

आपल्याकडे सायकल शर्यत म्हटलं की एकच नाव लक्षात राहतं. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सगळ्यांच्या आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. माझे बाबा तरुणपणी मित्रांबरोबर खंडाळ्याला जाऊन रस्त्याकडेला उभे राहायचे, ते या वर्षीचा राजा कोण एवढं बघायला. टूर द फ्रान्समध्येही घाटांतल्या गुणांसाठी लाल ठिपक्यांची जर्सी आहे, १९७५ पासून. एकूण आघाडीवर असलेल्याला पिवळी, ती १९१९ पासून. दोन्ही एकेकाच्याच अंगावर. पण हिशेब बघा. रोजच्या टप्प्याला लागलेली वेळ मिळवत जायची आणि शेवटी ज्याची बेरीज सगळ्यांत कमी, तो जिंकला. १९८९ च्या टूरमध्ये तीन हजारांहून जास्त किलोमीटर झाल्यावर ग्रेग लेमाँडने लोराँ फिन्योंला ८ सेकंदांनी हरवलं. २०२४ च्या महिलांच्या टूरमध्ये कासिया न्येवियादोमा आणि डेमी फोलरिंग यांच्यात शेवटी ४ सेकंद उरले. इतक्या थोड्या फरकावर शर्यत ठरते तेव्हा कुणी कुणाला कधी पाणी आणून दिलं, कुणी कुणाला वाऱ्यातून वाचवलं, तेही त्या सेकंदांत धरलेलं असतं.

फोलरिंगचं तर फारच लागून राहिलं. पिवळी जर्सी तिच्या अंगावर होती. पाचव्या टप्प्यात शेवटच्या काही किलोमीटरांवर ती पडली. शेवटच्या ठरावीक पट्ट्यात कुणी पडलं तर ज्या घोळक्यात ती होती त्याच घोळक्याची वेळ तिला मिळते, पण ती त्या पट्ट्याच्या अलीकडे पडली होती. पुढे असलेल्या टीममधल्या कुणी तिच्यासाठी थांबलं नाही, उलट तो टप्पा तिच्याच टीमच्या ब्लांका वाशने जिंकला. फोलरिंगने दीड मिनिटाहून जास्त वेळ गमावला. पुढे आल्प द्युएझचा शेवटचा टप्पा तिने जिंकला आणि टूर ४ सेकंदांनी हरली. आमच्या पहिल्याच बैठकीत सरांनी हा टप्पा लावला आणि विचारलं, "ती पडली तेव्हा मागे कोण वळायला हवं होतं?" त्या प्रश्नावर आम्ही पाचजणी रात्री उशिरापर्यंत बोलत बसलो होतो. माझ्या मते किमान दोघींनी वळायला हवं होतं. मी आजही तेच म्हणेन.

प्रत्यक्ष शिकणं सुरू झालं ते चाक धरण्यापासून. पुढच्या सायकलच्या मागच्या चाकाला शक्य तितकं जवळून चिकटायचं आणि तिथेच टिकायचं. पहाटे चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागायचं, भूगाव, पिरंगुट, आणि रस्त्यावर डंपर वाढायच्या आत परत. आधी दोन हातांचं अंतर, मग एक हात, मग वीतभर. चाकाकडेच बघत राहिलं तर डोळे तिथे खिळतात आणि रस्ता दिसेनासा होतो. म्हणून नजर पुढच्या मुलीच्या कमरेवर आणि तिच्या खांद्यावरून पलीकडे ठेवायची. आपलं पुढचं चाक तिच्या मागच्या चाकाच्या शेजारी कधी न्यायचं नाही, कारण ती जरा सरकली आणि चाकं घासली तर पडते ती मागची. ब्रेक दाबायचा नाही. वेग जास्त झाला तर पाय हलके करायचे, नाहीतर थोडं वाऱ्यात बाहेर यायचं, वारा आपोआप वेग कमी करतो. पुढची खड्डा दाखवते आणि ओरडते, मागचीने तो शब्द जसाच्या तसा आणखी मागे पोचवायचा. "खड्डा डावीकडे." "गतिरोधक." "मागून एसटी." यात एकीने जरी आळस केला तरी शेवटची आडवी होऊ शकते.

सगळ्यांत अवघड गेलं ते पुढे आल्यावर वेग तोच ठेवणं. ओळीतली पहिली आपला वाटा उचलून बाजूला होते आणि दुसरी आपसूक पहिली होते. तोंडावर वारा बसला की अंगात जोर येतो आणि पाय भराभर फिरायला लागतात. त्यात पुढच्या मुलीला बरं वाटतं, पण मागे फट पडते. ती भरून काढायला मागच्या तिघींना जास्तीचा जोर लावावा लागतो आणि असं चार-पाच वेळा झालं की टीम रिकामी होते. "पुढे आलीस म्हणून शर्यत तुझी झाली नाही. आकडा तोच ठेव," हे सरांचं वाक्य. आकडा म्हणजे हँडलवरच्या छोट्या स्क्रीनवर दिसणारे वॅट. महिनाभराने आम्ही बदलायचो तेव्हा मागून येणाऱ्या सरांच्या गाडीला वेगात काही फरक जाणवायचा नाही.

हे सगळं कशासाठी, ते गणित कळल्यावर जास्त पटलं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला तोंड द्यायला लागणारी ताकद घनाने. हवेपुरतं बोलायचं तर वेग दुप्पट करायला आठपट ताकद लागते. सपाटीवर ताशी चाळीसच्या वेगाने जाणाऱ्याची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यातच जाते. मागे चाक धरून बसलेलीची त्यातली साधारण एक तृतीयांश वाचते. मोठ्या घोळक्यात तर फरक थक्क करणारा आहे. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हन विद्यापीठाच्या बर्ट ब्लॉकन यांनी २०१८ मध्ये १२१ सायकलस्वारांच्या घोळक्याचा अभ्यास मांडला. त्यात मधल्या आणि मागच्या ओळींत बसलेल्याला, एकटं जाताना लागेल त्याच्या फक्त ५ ते १० टक्के हवेचा विरोध लागत होता. पण घाट लागला, वेग पंधराच्या खाली आला की हा फायदा जवळजवळ संपतो. तिथे आपलं वजन आणि आपली ताकद. दिवे घाटात माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या लावतात आणि चढ संपला की सोडतात. आमचं नेमकं उलट होतं, चढ सुरू झाला की आम्हाला सोडायचं.

टीममध्ये कामं अशी वाटली होती. एक घाटवाली. हाडापेरानं बारीक, चढावर बसल्या बसल्या लय न बदलता तासभर जाऊ शकणारी. एक स्प्रिंटर, शेवटच्या दोनशे मीटरची. आम्ही तिघी मदतनीस. गाडीत सर, गाडी चालवायला स्प्रिंटरचा दादा, आणि रस्त्यात पाणी आणि खाणं द्यायला घाटवालीची आई. तिघी मदतनिसांतही माझं काम वेगळं, मी घाटवालीची. तिच्या पुढे मी, ती कायम माझ्या चाकावर, एवढं नातं.

त्यासाठी बारीकसारीक पुष्कळ तयारी केली. आमच्या दोघींच्या सायकलींच्या फ्रेमचं माप जवळपास सारखं होतं, म्हणून पेडलही एकाच जातीची बसवली आणि सीटच्या उंचीतला फरक टेप लावून पट्टीवर लिहून ठेवला. तिची सायकल बिघडली आणि गाडी मागे अडकली, तर माझी तिच्याखाली द्यायची. २०१६ च्या टूरमध्ये मों व्हाँतूच्या चढावर गर्दीत मोटारसायकल अडकून ख्रिस फ्रूमची सायकल मोडली, तो चक्क बुटांनी धावत निघाला आणि मग त्याला मिळालेल्या आयोजकांच्या सायकलच्या पेडलवर त्याचे बूट बसेनात. आणि दुसऱ्या टीमची मदत घ्यायची सोय नाही. २०१५ च्या जिरो दितालियामध्ये, म्हणजे इटलीच्या टूरमध्ये, रिची पोर्टचं चाक पंक्चर झालं, तेव्हा दुसऱ्या टीममधल्या सायमन क्लार्कने, दोघेही ऑस्ट्रेलियन म्हणून, आपलं चाक काढून दिलं. दोघांनाही दोन-दोन मिनिटांचा दंड बसला. क्लार्कने केलं ते माणूस म्हणून चांगलंच होतं. पण नियमामागचा विचारही मला पटतो: मदत करायचा हक्क आपल्या टीमचा, तो असा कुठेही वाटायला लागलो तर टीमला अर्थ उरणार नाही.

याच बाबतीत रने व्हिएत्तोची गोष्ट मी बऱ्याच जणींना सांगितली आहे. १९३४ चा टूर, हा वीस वर्षांचा पोरगा, घाटांत सगळ्यांत भारी. पिवळी जर्सी त्याच्याच टीमच्या आंतोनँ मान्यकडे. मान्यचं चाक मोडलं तेव्हा व्हिएत्तोने आपलं चाक काढून दिलं आणि दुसरं येईपर्यंत रस्त्याकडेच्या कठड्यावर बसून राहिला. रडतानाचा त्याचा फोटो प्रसिद्ध आहे. दुसऱ्या दिवशी मान्यला परत अडचण आली, तर व्हिएत्तो पुढून मागे वळून उलटा घाट चढून त्याच्याकडे गेला. मान्य टूर जिंकला. व्हिएत्तो पाचवा आला आणि घाटांचं बक्षीस त्याचं होतं. फोटो सगळ्यांना माहीत असतो. मला त्या फोटोपेक्षा दुसऱ्या दिवसाचं मागे वळणं मोठं वाटतं.

खाण्याचं थोडक्यात सांगते. लांब टप्प्यात तासाला साठ ते नव्वद ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, आणि ती भूक लागायच्या आधी. व्यावसायिक टीम भाताच्या वड्या करून फॉईलमध्ये बांधतात. घाटवालीच्या आईने साखरभात थोडा चिकट ठेवून, थापून, तशाच वड्या केल्या. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, खजूर, केळी. बाटली द्यायची आईंनी सरावानं शिकून घेतली. बाटली वरून बोटांच्या चिमटीत धरायची, हात लांब करायचा, सायकल जवळ आली की तिच्या बाजूनं चार पावलं पळायचं आणि बाटलीला हात लागला की लगेच सोडायचं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये आई, आणि आम्ही एकेक करून त्यांच्या बाजूनं जाणार. साडीची पदराची गाठ मारून पळणाऱ्या आईंना बघायला पोरं जमायची. आईंनी शर्यतीत एकही बाटली पाडली नाही.

मध्ये जानेवारी आला. १९ ते २३ जानेवारी २०२६ ला पुणे ग्रँड टूर झाली. पुरुषांची, यूसीआयच्या म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या २.२ वर्गातली, छोट्या प्रोलॉगनंतर म्हणजे सुरुवातीच्या छोट्या फेरीनंतर चार टप्पे, एकूण ४३७ किलोमीटर. भारतात या वर्गाची टप्प्यांची शर्यत पहिलीच. ज्या रस्त्यांवर आम्ही सराव करत होतो त्यांतले बरेचसे नव्यानं डांबरी झाले. आम्ही सगळ्याजणी जमेल तिथे रस्त्याकडेला उभ्या होतो आणि पुढच्या चार-पाच जणांकडे बघायचंच नाही असं ठरवलं होतं. बघायचं ते मागे. हात वर करून गाडीकडे जाणारे, जर्सीच्या मागच्या खिशांत, मानेमागून पाठीवर बाटल्या कोंबून परत घोळक्यातून पुढे सरकणारे. आपला वाटा उचलून झाल्यावर खांदे पाडून एकटे मागे येणारे. माझ्या शेजारी एक काका टाळ्या वाजवता वाजवता म्हणाले, "हा बिचारा राहिला मागे." मी त्यांना म्हटलं, "काका, राहिला नाही, त्याचं काम झालं." मग घोळका लांब जाईपर्यंत आम्ही त्यावर बोलत होतो. कोण कुणाच्या चाकावर आहे ते ओळखायचं कसं, हे त्यांनी विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते नातवाला घेऊन आले होते.

आमच्या शर्यतीचा पहिला टप्पा सासवड, जेजुरी, मोरगाव आणि परत. कागदावर सोपा, मोठा चढ नाही. सरांना भीती वाऱ्याची होती आणि आदल्या रविवारी आम्ही तो रस्ता वाऱ्यासाठीच पाहून ठेवला होता. सकाळी शांत असतं, ऊन चढलं की त्या माळावर वारा सुटतो आणि मोरगावहून परत फिरल्यावर तो उजव्या अंगाने लागतो.

आडव्या वाऱ्यात चाकाच्या सरळ मागे आडोसा मिळत नाही. वारा उजवीकडून असेल तर आडोसा डाव्या हाताला, किंचित मागे. म्हणून ओळ तिरकी होते. पहिली उजवीकडे, दुसरी तिच्या डावीकडे अर्धी सायकल मागे, तिसरी आणखी डावीकडे. पण रस्ता संपतो. आम्हाला रस्त्याची डावी बाजूच खुली होती, त्यात सहाजणी मावतात. सातवी डांबराच्या कडेला एकटी, तिच्यासाठी आडोसाच नाही, आणि तिच्या मागे बाकी सगळ्या सरळ रेषेत वाऱ्याला तोंड देत. त्यांतली कुणी एक दमली की तिच्या पुढे फट पडते आणि ती फट मग भरत नाही. २०१३ च्या टूरमध्ये अशाच वाऱ्यात पिवळ्या जर्सीतल्या फ्रूमने काँतादोरच्या गटापुढे मिनिटाहून जास्त वेळ गमावला. एकूण दुसऱ्या क्रमांकावरच्या वालव्हेर्देचं चाक मोडलं, टीममधले थांबले, सगळ्यांनी मिळून पाठलाग केला, आणि तरी तो जवळजवळ दहा मिनिटं मागे पडला. सपाट टप्पा होता तो.

मोरगावच्या वळणाआधी आम्ही पाचही पुढे गेलो. कुणी अटॅक केला नाही, म्हणजे एकदम वेग वाढवून सुटायला बघितलं नाही, एकमेकींना हाका मारत घोळक्याच्या कडेनं सरकत गेलो, एवढंच. वळण घेतलं आणि वारा लागला. स्प्रिंटर उजव्या टोकाला, मग दोघी, मग मी, माझ्या डाव्या हाताला घाटवाली. सहाव्या जागेवर दुसऱ्या टीमची एक आली, तिला येऊ दिलं, ती कामाची होती. मग ओळ फिरायला लागली. पुढची वाऱ्यात खपून मागे येते, दुसरी पुढे. घाटवालीची पाळी मी उचलत होते, माझी झाली की लगेच तिची. तोंडात माती, उजवा कान बधिर. मागे बघायला वेळच नव्हता. दादाने गाडीतून हॉर्न दिला, ठरलेला, दोन लहान एक मोठा: फट पडली.

मागे राहिलेल्यांत निळ्या टीमची घाटवाली होती. चढावर ती आमच्या मुलीपेक्षा सरस, हे सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी तिला चाळीस सेकंद पडले. सपाट माळावर मिळालेल्या या चाळीस सेकंदांचा मला त्या तीन दिवसांतल्या कशाहीपेक्षा जास्त अभिमान आहे. निकालाच्या कागदावर मात्र त्या दिवशी आम्हा अकराजणींपुढे एकच वेळ छापली होती. एका घोळक्यात आलेल्या सगळ्यांना एकच वेळ देतात.

दुसरा टप्पा. नसरापूरहून वेल्ह्याच्या रस्त्याला, पाबे घाट, उतरून खानापूर, डोणजे, गोळेवाडी, सिंहगड. पाबे घाटात वेग ठेवायचं काम दुसऱ्या दोघींचं. त्यांनी ते इतकं समान केलं की माथ्यावर बऱ्याच टीमच्या मदतनीस गळून गेल्या होत्या. उतारावर मी पुढे, घाटवाली दहा-बारा हात मागे. उतारावर चाक चिकटून धरायचं नाही, माझी वळणातली रेषा बघून तिने यायचं. खाली आलो तेव्हा पुढच्या गटात वीसेक जणी उरल्या. मी मागे गाडीपर्यंत जाऊन बाटल्या आणल्या. दोन सायकलला, बाकीच्या खिशांत आणि पाठीवर. गार बाटली पाठीला लागली की शिरशिरी येते. परत पुढे येताना एकेकीला ओलांडत यावं लागतं आणि तोवर घोळका वेग वाढवतच असतो. घाटवालीने बाटली घेतली, अर्धी डोक्यावर ओतली, बोलली काही नाही. ठीक असली की ती बोलत नाही.

डोणज्यापासून पुढे रस्ता अरुंद होतो आणि चढायलाही लागतो. नाक्यावर पुढे असायला हवं हे प्रत्येक टीमला ठाऊक, म्हणून सगळ्या एकाच वेळी पुढे यायला बघतात. कोपर लागतं, हँडल घासतं. अशा वेळी बाजूनं कुणाला येऊ द्यायचं नसेल तर एकच उपाय, पुढे राहून वेग इतका ठेवायचा की बाजूनं येणारीला परवडूच नये. मी ते केलं. मागून घाटवालीचा आवाज येत होता. "बरोबर." मग काही वेळाने, "अजून थोडं." पायांत आग होती, स्क्रीनवरचा आकडा मी सरावात एवढा वेळ कधी धरला नव्हता, आणि तरी डोकं शांत होतं, कारण माझं काम कुठे संपतं ते मला दिसत होतं. नाका आला. ती म्हणाली, "सोड." मी डावीकडे झाले. ती गेली, तिच्यामागे निळी, मग बाकीच्या. कुणीतरी जाता जाता माझ्या पाठीवर थाप मारली, कोण ते कळलं नाही.

पुढचा चढ मी मागे राहिलेल्यांच्या गटात केला, आणि त्या गटाबद्दल कुणी फारसं लिहीत नाही. तिथे सगळ्या टीमच्या मदतनीस आणि स्प्रिंटर असतात. सकाळपासून एकमेकींना कोपर मारलेल्या आम्ही तिथे एकत्र होतो. अटॅक करायचा नाही हा न लिहिलेला नियम. एकजण घड्याळ बघून हिशेब ठेवते: विजेतीच्या वेळेवर पंचवीस टक्के, त्याच्या आत सगळ्यांना पोचवायचं. मोठ्या शर्यतींतही असंच चालतं. २०११ च्या टूरमध्ये गालिबिए घाटाच्या टप्प्याला ८८ जणांचा गट मर्यादेबाहेर पोचला, मार्क कॅव्हेंडिश त्यांत होता. एवढ्यांना घरी पाठवणार कसं, म्हणून ठेवून घेतलं, पण त्याचे हिरव्या जर्सीचे, म्हणजे टप्प्यांच्या गुणांत आघाडीवर असलेल्याला मिळते त्या जर्सीचे, २० गुण कापले. त्या वर्षीची हिरवी जर्सी शेवटी त्यालाच मिळाली. आमच्या गटात निळ्या टीमची एकजण कळवळायला लागली, पोटऱ्यांत गोळे. आईंच्या वडीचं शेवटचं फॉईल मी तिला दिलं. खाणं दिल्याबद्दल दंड होतो का, हा विचार त्या वेळी मनात आला नाही आणि कुणी विचारलंही नाही. सगळ्याजणी मर्यादेच्या आत वर पोचलो.

वर गाडीतळावर सर आकडे घेऊन उभे होते. निळी टप्प्यात दुसरी, आमची घाटवाली तिच्या मागे ३३ सेकंदांनी. चाळीसातले सात उरले. घाटवाली एकूण तिसरी, निळी चौथी.

शेवटचा टप्पा शहरातल्या बंद रस्त्यावर फेऱ्यांचा, रविवारी सकाळी. त्यात मोठा फरक पडायचा नव्हता, पण फक्त याच टप्प्याच्या अंतिम रेषेवर पहिल्या तिघींना १०, ६ आणि ४ सेकंदांची सूट होती. निळी पहिली आली असती तर सात सेकंद भरून निघाले असते. दुसरी आली तरी घाटवाली एका सेकंदाने वाचणार होती, पण एका सेकंदावर कुणी झोपत नाही. म्हणून आमच्या स्प्रिंटरने जिंकायचं, आणि ते माझ्या चाकावरून. शेवटच्या फेरीत मी पुढे आले आणि वळणापासून दोनशे मीटरच्या पाटीपर्यंत जेवढं होतं तेवढं लावलं. बाजूला झाले आणि मान वर करून बघितलं. आमची पहिली, मध्ये तिसऱ्याच टीमची एक, निळी तिसरी. चार सेकंद. घाटवालीची तिसरी जागा तीन सेकंदांनी राहिली.

व्यावसायिक टीममध्ये बक्षिसाची रक्कम जिंकणाऱ्याच्या एकट्याच्या खिशात जात नाही, रायडर आणि गाडीतली माणसं सगळ्यांत वाटली जाते. आम्ही अमृततुल्याच्या बाहेरच्या बाकावर तिसऱ्या क्रमांकाचं आणि टप्प्याचं पाकीट एकत्र केलं. पाच रायडर, सर, दादा आणि आई, असे आठ वाटे. आई म्हणाल्या, "अगं, माझा कसला वाटा, मी नुसत्या बाटल्या दिल्या." घाटवालीने त्यांचा हात धरून मूठ मिटवली आणि दुसरा चहा सांगितला. सर लगेच पुढच्या मोसमाचं बोलायला लागले: ऑगस्टपासून दोन नव्या मुली येणार, त्यांना चाक धरायला मी शिकवायचं, आणि पुढच्या वेळी पाबे घाटातला वेग माझ्याकडे. माझ्या वाट्यातून मी नवी चेन आणली. जुनी तीन दिवसांत ताणून गेली होती.